लाकडाचा १४ इंची बँडसॉ लोखंड कापायला लावायचा असेल तर काय काय बदलावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: लाकडाचा जुना १४ इंची बँडसॉ (दोन व्हीलवर फिरणाऱ्या पट्टीच्या ब्लेडची करवत) पडून आहे, एक एचपीची सिंगल फेज मोटर आहे, त्यावर बायमेटल (धातू कापायचं) ब्लेड चढवलं आणि स्पीड कमी करायला व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) लावला तर १० एमएमची एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) प्लेट आणि स्क्वेअर पाइप कापता येईल का.

सरळ उत्तर देतो. अ‍ॅल्युमिनियम कापायचं असेल तर फक्त ब्लेड बदला आणि आजच कापा. एमएस कापायचं असेल तर नुसत्या ब्लेडने होणार नाही, आणि नुसत्या व्हीएफडीने तर अजिबातच नाही. होतं सगळं, पण त्याला मधे गिअरबॉक्स लागतो आणि तो कुठे बसवायचा यावरच सगळा खेळ आहे. बाकी गाईड (ब्लेडला सरळ धरणारे), टायर (व्हीलवरचं रबर) वगैरे नंतरच्या गोष्टी, लोक मात्र सुरुवात तिथूनच करतात.

आधी स्पीडचं गणित करू, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १४ इंची व्हीलचा व्यास ३५५ एमएम धरा, म्हणजे एका फेऱ्यात ब्लेड साधारण १.११ मीटर पुढे जातं. लाकडाच्या मशीनवर खालचं व्हील ८०० आरपीएमच्या आसपास फिरतं, म्हणजे ब्लेडचा स्पीड मिनिटाला ९०० मीटर, जुन्या चार्टवर फुटात असतं ते ३००० फूट. एमएसला बायमेटल ब्लेडने कूलंटशिवाय कापायला पाहिजे ३० ते ४० मीटर. एसएस (स्टेनलेस) किंवा टूल स्टील असेल तर २० ते २५. बीड (कास्ट आयर्न) २५-३०. पितळ ६० पासून १०० पर्यंत आरामात. म्हणजे एमएससाठी तुमचं व्हील ८०० ऐवजी ३० आरपीएमवर फिरलं पाहिजे. दोन-चार पट कमी करायची गोष्ट नाही ही, पंचवीस ते तीस पट कमी करायची आहे. हाताने हॅकसॉ मारताना आपण मिनिटाला ५० स्ट्रोक मारतो, त्यात ब्लेड १०-१२ मीटरच पुढे जातं, यावरून अंदाज घ्या की ९०० म्हणजे काय.

जास्त स्पीडला होतं काय तर दाताचं टोक तापतं. लाकडाचं साधं कार्बन स्टीलचं ब्लेड २०० डिग्रीच्या वर गेलं की दाताचा कडकपणा उतरायला लागतो, आणि एमएसवर ९०० मीटरने टेकवलं की हे काही सेकंदात होतं, ठिणग्या उडतात, थोडा कट पडल्यासारखा दिसतो आणि मग ब्लेड नुसतं घासत राहतं. बायमेटलचे दात हायस्पीड स्टीलचे असतात, बहुतेक एम४२, त्यात ८ टक्के कोबाल्ट असतं, आणि पाठ स्प्रिंग स्टीलची, दोन्ही वेल्ड करून एक पट्टी केलेली असते. ते ५५०-६०० डिग्रीपर्यंत टिकतात म्हणून लोकांना वाटतं की आता स्पीड बघायची गरज नाही. पण ९०० मीटरला एमएसमधे तेही जातं, फक्त थोडं उशिरा जातं आणि खिशाला जास्त लागतं.

कोणीतरी सांगेल की अरे पातळ पत्रा तर फुल स्पीडला मस्त कापला जातो, व्हिडिओ पण दाखवेल. ते फ्रिक्शन सॉइंग, ती खरी पद्धत आहे, पण तिला मिनिटाला १८०० मीटरपासून ४५०० मीटरपर्यंत स्पीड लागतो आणि त्यासाठी वेगळी जड मशीन असते, तिथे ब्लेड धातू कापत नाही तर तापवून मऊ करून ओढून काढतं. आपल्या १४ इंचीवर तो स्पीड येत नाही आणि आणायचा प्रयत्न पण करू नका.

आता व्हीएफडी. पहिली अडचण म्हणजे तुमची मोटर सिंगल फेज कॅपॅसिटर स्टार्ट आहे, ती व्हीएफडीवर चालवायची नसते. तिच्यात आत सेंट्रिफ्युगल स्विच असतो, स्पीड खाली आला की तो परत जोडला जातो आणि स्टार्टिंग वाइंडिंग लाइनवर राहून जळतं, कॅपॅसिटर फुटतो तो वेगळाच. थ्री फेज मोटर घेतली तरी दुसरी अडचण राहतेच. व्हीएफडी स्पीड कमी करतो, टॉर्क वाढवत नाही. गिअर टॉर्क वाढवतो. एक एचपी, १४४० आरपीएमच्या मोटरचा टॉर्क साधारण ५ न्यूटन-मीटर, तुमच्या मशीनच्या पुलीमुळे व्हीलवर तो होतो ९. ३० पट कमी करायला व्हीएफडी दीड-दोन हर्ट्झवर न्यावा लागेल, तिथे मोटर झटके देत फिरते, आणि अगदी पूर्ण टॉर्क मिळाला असं धरलं तरी ब्लेडवर ओढ येते जेमतेम पाच किलोची. प्लेट कापताना ब्लेडला चाळीस-पन्नास किलोची ओढ लागते. म्हणजे टेबलावर प्लेट ठेवून जरा दाबली की व्हील तिथेच थांबणार. शिवाय मोटरचा फॅन तिच्याच शाफ्टवर असतो, तो पण हळू फिरणार, मोटर तापणार.

व्हीएफडी वाईट नाही, उलट गिअरबॉक्सच्या जोडीला असेल तर फार सोयीचा. ५० हर्ट्झपासून २० हर्ट्झपर्यंत फिरवता आला तरी एकाच पुलीवर एमएस, एसएस दोन्हीचे स्पीड मिळतात. पण तो वरची चटणी आहे, जेवण नाही.

मग ड्राइव्ह कसा करायचा. मी ज्या मशीन केल्या आणि ज्या दुसऱ्यांच्या दुरुस्त केल्या त्यातून एकच पक्कं मत झालंय: बेल्ट मोटरजवळ, वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारखा वर्म दातांचं चाक फिरवतो तो) मधे, आणि शेवटी व्हीलच्या शाफ्टवर चेन. हा क्रम उलटा केला की मशीन आयुष्यभर त्रास देते. उलटा म्हणजे काय, तर लोक मोटरला डायरेक्ट गिअरबॉक्स जोडतात (फ्लँजवाला मिळतो, सोपा पडतो) आणि गिअरबॉक्सपासून मशीनच्या जुन्या पुलीवर तोच जुना व्ही-बेल्ट टाकतात. दिसायला एकदम साफ काम. पहिल्या प्लेटला बेल्ट घसरतो. मग ते बेल्ट ताणतात, आणखी ताणतात, खालच्या व्हीलच्या बेअरिंगवर लोड येतो, तरी घसरतोच. कारण सरळ आहे, ब्लेडवर ५० किलोची ओढ असेल आणि व्हीलच्या शाफ्टवर अगदी २५० एमएमची मोठी पुली लावली तरी बेल्टवर ७० किलोच्या वर ओढ येते. ए सेक्शनचा एक बेल्ट एवढं ओढत नाही. स्पीड जास्त असतो तेव्हा तोच बेल्ट एक एचपी सहज नेतो, कारण तेव्हा ओढ कमी असते. पॉवर तीच, स्पीड कमी झाला की ओढ त्याच पटीत वाढते, हे डोक्यात पक्कं ठेवा म्हणजे मशीनचा प्रत्येक नट-बोल्ट तपासताना उपयोगी पडेल.

तर आकडे देतो, तुमच्या १४४० आरपीएमच्या मोटरसाठी. मोटरवर ७५ एमएमची पुली, गिअरबॉक्सच्या इनपुटला पण ७५ची, एकास एक. गिअरबॉक्स २० ला १ चा वर्म, ५० साईझचा घ्या, ४० साईझचा कागदावर जेमतेम बसतो पण झटका सहन करायला जागा राहत नाही. आउटपुट ७२ आरपीएम. तिथे १५ दातांचं स्प्रॉकेट आणि व्हीलच्या शाफ्टवर ३६ दातांचं, अर्धा इंच पिचची साधी इंडस्ट्रियल रोलर चेन. ७२ भागिले २.४ म्हणजे ३० आरपीएम, ब्लेडचा स्पीड ३३ मीटर. एमएससाठी बरोबर जागेवर. पितळ कापायचं असेल तर पहिल्या टप्प्यात स्टेप पुली ठेवा, मोटरवर मोठी आणि गिअरबॉक्सवर छोटी केली की दुप्पट स्पीड मिळतो. एसएसला उलट. हे पुलीवर करायचं, चेनला हात लावायचा नाही.

आणि बेल्ट पहिल्या टप्प्यात ठेवायचं दुसरं कारण म्हणजे तो तुमचा फ्यूज आहे. गिअर आणि चेन घसरत नाहीत. ब्लेड पाइपच्या कोपऱ्यात अडकलं तर काहीतरी सुटलं पाहिजे, नाहीतर दात सोलून निघतात किंवा ब्लेडच तुटतं. मोटर बिजागरीच्या प्लेटवर बसवा आणि बेल्टचा ताण मोटरच्या वजनाने किंवा हलक्या स्प्रिंगने येऊ द्या, बोल्टने आवळून टाकू नका. तिथे बेल्टवर ओढ सहा-सात किलोचीच असते, हलका ताण पुरतो, आणि ब्लेड अडकलं की बेल्ट किंचाळतो आणि तुम्ही स्विचकडे जाता.

मोटर बदलणार असाल तर अर्धा एचपी बास. ब्लेडवर लागणारी पॉवर पावणेतीनशे वॅटच्या आसपास होते, वर्मचा लॉस धरला तरी अर्ध्या एचपीत बसतं. एक एचपी या स्पीडला म्हणजे ब्लेडवर शंभर किलोच्या वर ओढ, तेवढी मिळाली तरी अर्ध्या इंचाच्या ब्लेडला ती झेपत नाही. पण मोटर बंद बॉडीची हवी, टीईएफसी म्हणतात ती. लाकडाच्या मशीनवर बऱ्याचदा जाळीची उघडी मोटर असते, भुसा आत गेला तर फारसं बिघडत नाही, लोखंडाचा बुरा गेला की वाइंडिंगला शॉर्ट. स्विचचं पण तेच, बुरा पडेल अशा जागी असेल तर हलवा.

आता वर्म गिअरबॉक्स लावला की एक गोष्ट बदलते जी कोणी आधी सांगत नाही. वर्म मागून सहसा फिरत नाही. म्हणजे ब्लेड चढवून ट्रॅकिंग (ब्लेड व्हीलवर जागेवर चालतंय का ते) बघायला आपण वरचं व्हील हाताने फिरवतो ना, ते आता फिरणारच नाही, जॅम झाल्यासारखं वाटेल. घाबरून लोक गिअरबॉक्स उघडतात. तो बरोबर आहे, फक्त आता फिरवायचं असेल तर मोटरच्या बाजूची पुली हाताने फिरवायची, वीस फेऱ्या मारल्या की व्हील अर्ध्याहून कमी फिरतं, कंटाळा येतो. म्हणून चेनला जोड-लिंक अशा जागी ठेवा की दरवाजा उघडून सहज काढता येईल, ट्रॅकिंग करताना चेन काढा, व्हील मोकळं फिरवा, झालं की जोडा. याचा फायदा पण आहे, स्विच बंद केला की ब्लेड जागच्या जागी थांबतं, लाकडाच्या मशीनसारखं मिनिटभर फिरत राहत नाही.

शाफ्ट नीट बघा. मूळ मशीनमधे खालच्या व्हीलच्या शाफ्टवर ९ न्यूटन-मीटरच टॉर्क यायचा, आता ८५-९० येणार, म्हणजे दहापट. जुनी पुली एका ग्रब स्क्रूवर बसलेली असते बऱ्याचदा, शाफ्टला नुसता फ्लॅट मारलेला. स्प्रॉकेट तसं बसवलं तर स्क्रू शाफ्टला गोल चर पाडून फिरत बसेल. शाफ्टला की-वे (चावी बसायची खाच) मारून घ्या, स्प्रॉकेटला पण. आणि व्हील शाफ्टवर कशावर बसलंय तेही बघा, की आहे का नुसता नट आवळलाय. हे काम लेथ-मिलिंगवाल्याकडे न्यावं लागेल, एकदाच आहे, नीट करून घ्या. फिरण्याची दिशा पण आधी तपासा, ब्लेड टेबलावर खालच्या दिशेने आलं पाहिजे, गिअरबॉक्स कसा बसवलाय त्यावर दिशा उलटी होऊ शकते, मग मोटरची दिशा बदलायची.

नुसत्या पुल्यांवर, जॅकशाफ्ट (मधला जास्तीचा शाफ्ट) लावून करता येतं का असं पण विचारलं जातं. येतं, पण मोटरच्या १४४० पासून व्हीलच्या ३० पर्यंत ४८ पट कमी करायला तीन टप्पे लागतात, दोन जास्तीचे शाफ्ट, चार बेअरिंग, छोट्या पुल्या ए बेल्टला ७५ एमएमच्या खाली घेतल्या तर बेल्ट लवकर चिरतात, आणि शेवटच्या टप्प्यात परत तोच घसरण्याचा प्रश्न, म्हणजे चेन लागतेच. सगळं सामान आधीपासून पडलेलं असेल तर करा. विकत आणून करायचं असेल तर गिअरबॉक्सच घ्या. जुन्या ट्रेडमिलची डीसी मोटर पण लोक लावतात, कमी स्पीडला ती बरी ओढते, पण तिलाही गिअर लागतोच आणि ती उघडी असते, बुऱ्यापासून झाकावी लागते.

ब्लेडकडे येऊ. १४ इंची व्हीलला ०.६४ एमएम म्हणजे ०.०२५ इंच जाडीचं ब्लेड ही वरची मर्यादा समजा. दुकानदार ०.९ एमएमचं पाऊण इंची ब्लेड देईल, मेटलसाठी हेच चालतं म्हणून, आणि ते मोठ्या मशीनवर खरंच चांगलं असतं. पण एवढ्या छोट्या व्हीलवर ते दर फेरीत दोनदा इतकं वाकतं की दातांच्या खाचेत बारीक चिरा पडतात आणि दात चांगले असतानाच ब्लेड तुटतं. शिवाय टेन्शन. बायमेटलला साधारण २५००० पीएसआय ताण लागतो, अर्धा इंच बाय ०.०२५ च्या ब्लेडला त्याचा अर्थ होतो एका बाजूला १३० किलो, म्हणजे वरच्या व्हीलवर २६० किलो. पाऊण इंच बाय ०.०३५ ला हाच आकडा सहाशेकडे जातो. १४ इंची कास्ट फ्रेमची स्प्रिंग एवढं देत नाही, स्प्रिंग पूर्ण दाबली जाते आणि तुम्हाला वाटतं टेन्शन आलं. तेव्हा अर्धा इंच, ०.०२५ किंवा त्याहून पातळ, बायमेटल. वळणदार कट हवे असतील तर पाव इंची, ते साधारण १६ एमएमच्या त्रिज्येत वळतं, अर्धा इंची ६५ एमएममधे.

दात किती, याला एकच नियम पाळा: कुठल्याही क्षणी कमीत कमी तीन दात धातूत असले पाहिजेत. तीनपेक्षा कमी झाले की धातूची कड दोन दातांच्या मधे अडकते आणि दात उपटला जातो, एक गेला की मागचा जातो, टकटक आवाज येतो आणि मिनिटात वीतभर ब्लेड टकलं होतं. उभ्या बँडसॉवर प्लेट टेबलावर आडवी असते, म्हणजे ब्लेडच्या दिशेने धातू असतो फक्त प्लेटच्या जाडीएवढा. तुमच्या १० एमएमला १०-१४ टीपीआयचं (इंचाला किती दात ते) व्हेरिएबल पिच, म्हणजे दातांमधलं अंतर कमी-जास्त असलेलं ब्लेड घेतलं तर चार ते पाच दात आत राहतात, एकदम छान. स्क्वेअर पाइपची भिंत दोन एमएम असेल तर २४ टीपीआय घेऊनही दोनच दात बसतात, त्यामुळे फीड (काम ब्लेडकडे सरकवायचा दाब) अगदी हलका ठेवायचा, किंवा पाइप थोडा तिरपा धरून कट सुरू करायचा म्हणजे भिंत ब्लेडला जाड लागते. एकच ब्लेड ठेवायचं तर १४-१८. पण प्लेट आणि पाइप दोन्ही करणार असाल तर दोन ब्लेड ठेवा, बदलायला पाच मिनिटं लागतात.

नवीन ब्लेड पहिल्या प्लेटवर जोरात दाबू नका. दाताची धार इतकी बारीक असते की ती तुटते. पहिले तीन-चारशे चौरस सेंटीमीटर कापून होईपर्यंत स्पीड तोच, दाब अर्धा. कंटाळवाणं काम आहे, पण यात घालवलेल्या वेळेने ब्लेडचं आयुष्य खरंच वाढतं.

गाईड जर फेनॉलिकचे ब्लॉक असतील, ज्यांना कूल ब्लॉक म्हणतात, तर ते काढा, त्यात बुरा रुततो आणि ते ब्लेडला पॉलिश पेपरसारखे घासतात. सीलबंद बेअरिंगचे गाईड लावा, किंवा पितळेचे ब्लॉक. टायर रबरचा असेल तर चालू द्या पण खालच्या व्हीलला ब्रश हवाच, आणि दुसरा छोटा ब्रश टेबलाच्या खाली, ब्लेड व्हीलवर जायच्या आधी दातांना लागेल असा. कापलेला बुरा दातांच्या खाचेत बसून खाली येतो, ब्लेड आणि टायरच्या मधे दाबला जातो आणि रबरात खिळ्यासारखा रुततो. दरवाजा उघडून टायरवरून बोट फिरवू नका, अनुभव घ्यायची गरज नाही. बुरा गोळा करायला खाली एक लोहचुंबक पिशवीत गुंडाळून ठेवा, पिशवी उलटी केली की साफ.

कूलंटच्या भानगडीत पडू नका, ही मशीन त्यासाठी बनलेली नाही, तेल टायरवर गेलं की रबर फुगतं आणि ब्लेड सरकतं. मेणाची कांडी मिळते कटिंगसाठी, ब्लेडला अधूनमधून टेकवायची. बीडाला आणि पितळेला तेही नको, कोरडंच.

अ‍ॅल्युमिनियमसाठी गिअरबॉक्सची गरज नाही असं वर म्हटलं. लाकडाच्याच स्पीडला ते चांगलं कापलं जातं, फक्त दात मोठे पाहिजेत, २० एमएमच्या तुकड्याला ६ टीपीआय वगैरे, आणि मेण पाहिजेच. मेण नसलं तर चिप खाचेत चिकटते, ब्लेड भरतं आणि मग कट वाकडा जायला लागतो, लोक गाईडला दोष देतात. चिप गरम उडते, चष्मा घाला आणि शर्टाचं वरचं बटण लावा.

एकाच मशीनवर लाकूड आणि लोखंड दोन्ही करायचा विचार असेल तर माझं मत नको असं आहे. चेन काढा बेल्ट घाला हे चार दिवस जमतं. खरा त्रास वेगळाच, खालच्या बॉक्समधे भुसा साचलेला असतो आणि त्यात कुठूनतरी ठिणगी जाते, आणि ती बहुतेक वेळा कापताना नाही तर शेजारी कोणी ग्राइंडर चालवला म्हणून जाते. भुसा आत धुमसत राहतो, लगेच दिसत नाही, तुम्ही शटर ओढून घरी गेलेले असता. लोखंडावर वापरायच्या आधी मशीन आतून पूर्ण साफ करा, डस्ट कलेक्टरचा पाइप काढून टाका, परत लावायचा नाही. अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड आणि लोखंडाची ठिणगी एकत्र येणं तर भुशापेक्षा वाईट. आणि साग किंवा ओक कापायला त्याच मशीनवर परत आलात तर लोखंडाचा बुरा लाकडात बसून, ओल लागली की काळे डाग पडतात, पॉलिशखालून पण दिसतात.

कापताना पकड. ३३ मीटर स्पीडला मशीन इतकी शांत चालते की माणूस निर्धास्त होतो, पण ओढ लक्षात आहे ना, पन्नास किलो. राउंड बार हाताने धरून कधीच कापू नका. ब्लेड लागताक्षणी तो फिरतो आणि बोटं आत ओढतो, व्ही-ब्लॉकला क्लॅम्प करूनच. छोटा तुकडा क्लॅम्पमधे किंवा मोठ्या पट्टीवर बांधून. हातमोजे नकोत, कडा टोचतात म्हणून घालावेसे वाटतात पण ब्लेडमधे अडकतात. पातळ पत्रा असेल तर खाली प्लायचा तुकडा घालून दोन्ही एकत्र कापा. टेबलाचं इन्सर्ट नवीन बनवा, ब्लेडला जेमतेम जागा राहील असं, नाहीतर छोटे तुकडे खाली जाऊन व्हीलमधे अडकतात. वरचा गाईड कामाच्या वर सात-आठ एमएमवर आणा.

लांब कट असेल तर हाताने दाबत उभं राहू नका, दाब एकसारखा राहत नाही. टेबलाच्या ब्लेडपलीकडच्या बाजूला एक पुली लावा, दोरी, दोरीला वजन, आणि दुसरं टोक प्लेटमागच्या लाकडी ठोकळ्याला, वजन प्लेटला ब्लेडकडे ओढत राहतं. दोन-तीन किलोपासून सुरू करा आणि चिप बघत वाढवा. चिप हाच तुमचा मीटर आहे: चंदेरी, छोटी, घट्ट वळलेली आली की सगळं बरोबर. पावडर येत असेल तर दाब कमी आहे किंवा दात गेलेत. निळी किंवा तपकिरी आली तर स्पीड किंवा दाब जास्त. एसएसमधे मात्र दाब कमी ठेवून ब्लेड घासत ठेवलं की जागा कडक होते आणि मग तिथे काहीच जात नाही, त्यामुळे एसएसला स्पीड कमी पण दाब ठाम.

हे सगळं वाचून वाटत असेल की एवढं करायचं का, तर कशासाठी हवंय त्यावर आहे. तुमच्या प्रश्नातल्या दोन कामांपैकी पाइप आणि अँगल सरळ तोडायचं काम ८० टक्के असेल तर हे करू नका, वाइसवाला छोटा आडवा मेटल बँडसॉ घ्या, तो अर्ध्या-पाऊण एचपीवर चालतो, पुलीवर तीन स्पीड असतात, कट संपला की आपोआप बंद होतो आणि तुम्ही तोवर दुसरं काम करता. उभ्या मशीनवर लांब पाइप टेबलावर धरून तोडणं हे एक तर फ्रेमला अडकतं आणि दुसरं म्हणजे कट काटकोनात आणायला घाम फुटतो. पण प्लेटमधून आकार काढायचे असतील, गसेट, ब्रॅकेट, वळणदार काही, तर १४ इंची उभ्या मशीनचा घसा (ब्लेडपासून फ्रेमच्या खांबापर्यंतची जागा) आडव्या मशीनला कधीच मिळत नाही आणि गॅस कटिंगसारखी कड पण जळत नाही. तिथे ही खटपट वसूल होते.

करायचंच ठरलं तर ब्लेड आणायच्या आधी ड्राइव्ह पूर्ण करा. जुनंच लाकडाचं ब्लेड चढवून ठेवा, व्हीलच्या रिमवर खडूने खूण करा, मशीन चालू करून मिनिटात खूण किती वेळा येते ते मोजा, गुणिले १.११, तो तुमचा स्पीड. मग अर्धा तास रिकामी चालू द्या आणि गिअरबॉक्सला हात लावा. वर्म गरम होतोच, नवीन असताना जरा जास्त, पण हात ठेवता आला पाहिजे. चटका बसत असेल तर तेलाची लेव्हल बघा, तो ज्या पोझिशनमधे बसवलाय त्यानुसार ब्रीदरचा प्लग वर आहे का बघा, आणि चेन जास्त ताणली नाहीये ना तेही, मधे दाबल्यावर बोटभर हलली पाहिजे. हे सगळं जागेवर आलं की मग बायमेटल मागवा, लांबी मात्र मशीनवरच्या ब्लेडची टेपने मोजून द्या, बहुतेक १४ इंचींना २३७५ एमएम लागतं पण रायझर ब्लॉक (फ्रेम उंच करायचा जोडतुकडा) टाकलेला असेल तर ते बसणार नाही.